मी, विषय शोधणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, तुमची ओळख तुमच्या चेहऱ्यावरून होते. माझ्याकडे मात्र जो येतो तो पाठ फिरवूनच येतो, त्यामुळे माणसांचे चेहरे मला उशिरा कळतात आणि त्यांचं वजन आधी. मी एक जुनी खुर्ची आहे. कचेरीतली, चाकांची, गोल फिरणारी. उंची कमीजास्त करायला मला एक दांडाही आहे, पण तो आता नुसता शोभेला उरला आहे.

शाळेत तुम्हाला नदीचं, किल्ल्याचं, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहायला सांगतात. ते बरोबरच आहे. त्यांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. मी फक्त एका माणसाला विषय शोधताना पाहिलं. लढाया नाहीत, पूर नाहीत. तरीही ते पाहणं सोपं नव्हतं, म्हणून सांगते.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका टोकाला लोखंड आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने खुर्च्या बाहेर यायच्या. शेवटच्या टोकाला एक बाई बसलेल्या असत. प्रत्येक नव्या खुर्चीवर बसून पाहणं, एवढंच त्यांचं काम. दिवसभर बसण्याचा पगार घेणाऱ्या त्या बाईंची कंबर कायम धरलेली असायची. त्या माझ्यावर बसल्या, एकदा डावीकडे वळल्या, एकदा उजवीकडे वळल्या. मी हूं की चूं केलं नाही. ‘शहाणी आहे,’ असं म्हणून त्यांनी माझ्या बुडाला शिक्का मारला. मला मिळालेलं ते पहिलं कौतुक. त्यानंतरची कौतुकं माझ्यावर बसणाऱ्याला मिळाली.

माझी रवानगी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाली. तिथे मी ज्याच्या वाट्याला आले त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेलं कापून नेमून दिलेल्या जागेत बसवायचं, हे त्याचं काम. पुराची बातमी तो चार ओळींत बसवायचा आणि मंत्र्याचं भाषण दोन ओळींत. मग मंत्र्याच्या कचेरीतून फोन यायचा आणि भाषण चार ओळींचं व्हायचं, पूर दोन ओळींत ओसरायचा. कात्री हे सगळं शांतपणे करायचा. स्वतः मात्र त्याने कधी काही लिहिलं नाही. लिहिणारे ढिगाने आहेत, थांबवणारा कुणीतरी पाहिजे, असं तो म्हणायचा. माझ्यावर तो ताठ बसायचा. पाठ टेकवायचा नाही. त्या काळात आम्हा दोघांनाही वाटायचं की आपल्यावाचून अडेल.

अडलं नाही. एके दिवशी वर्तमानपत्रच बंद पडलं. शेवटच्या दिवशी ज्याला जे हवं ते घेऊन जा, असं सांगण्यात आलं, कारण नेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. कुणी पंखा नेला, कुणी भिंतीवरचं घड्याळ. एकाने नुसतीच दाराची पाटी नेली. कात्रीने मला नेलं. गाडी नव्हती, म्हणून त्याने मला रस्त्यावरून ढकलत नेलं. बस थांब्यापाशी दम लागला तेव्हा तो माझ्यावरच बसला, आणि रांगेतल्या लोकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू याने रांगेत येताना घर बरोबर आणलं आहे. पुढे एका गटाराच्या जाळीत माझं चाक अडकलं, मी आडवी झाले आणि माझ्या मानेतली दांडी किंचित वाकली. तेव्हापासून उजवीकडे वळताना मी गप्प असते. डावीकडे वळले की आवाज निघतो. करकर म्हणावी तर त्याहून लांब, आणि दाराची बिजागरी म्हणावी तर त्याहून बारीक.

घरी पोहोचलो तेव्हा त्याच्या बायकोने दार उघडलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, चिठ्ठी वाचून औषधं देते. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “नोकरी गेली की माणसं डबा परत आणतात. तू सिंहासनच घेऊन आलास.”

बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी मला जागा मिळाली. समोर टेबल, टेबलावर लॅपटॉप. उजव्या हाताला दार. डाव्या हाताला एक पलंग, आणि पलंगावर त्याची आई.

आईबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. त्यांचं वय झालेलं होतं आणि त्यांना विसरण्याचा आजार होता. म्हणजे तुम्ही गृहपाठ विसरता तसा नव्हे. त्यांच्या डोक्यातून आधी काल गेला, मग मागचं वर्ष गेलं, आणि असं करत करत त्या मागे मागे सरकत अशा ठिकाणी जाऊन थांबल्या जिथे त्यांचे यजमान अजून हयात होते. यजमानांचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. काड्या बसवायच्या, भिंगं घासायची. ते वारले तेव्हा आई त्यांच्या उशाशी होत्या. पण ते सगळं पुसलं गेलं होतं. रोज दुपारी वाटाणे सोलता सोलता त्या मान वर करून विचारायच्या, “हे आले का?”

घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी चूक केली होती, खरं सांगून टाकलं होतं, आणि त्या अशा रडल्या होत्या की डॉक्टरांना बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्यासाठी ही बातमी दरवेळी नवी असणार, कशाला सांगता? तेव्हा कात्री, त्याची बायको आणि दुसऱ्या गावाला राहणारी त्याची मोठी बहीण, जिला घरात ताई म्हणत, असं तिघांनी मिळून ठरवलं. कुणीही, केव्हाही, एकच उत्तर द्यायचं: दुकानात गेलेत, येतीलच. मग आई विचारायच्या, किल्ली घेऊन गेलेत ना? हो, घेऊन गेलेत. मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि त्या पुन्हा वाटाणे सोलायला लागायच्या. ताई फोनवरूनही हेच म्हणायची. गॅस तपासायला आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं होतं, आणि कात्रीच्या बायकोने आईंच्या पाठीमागून खुणावल्यावर तोही म्हणाला होता, हो आजी, आत्ताच दुकानात दिसले.

त्या घरात खरं बोलणाऱ्याची गरज नव्हती, आणि त्यामुळे घर बरं चाललं होतं.

कात्रीचं मात्र बरं चाललं नव्हतं. कापायला काही नसेल तर कात्रीने करायचं काय? म्हणून त्याने ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं ‘उरलेला मजकूर’. आयुष्यभर लोकांचं जे जे कापलं ते आता सांगायचं, अशी त्याची कल्पना. दर गुरुवारी एक लेख. सुरुवातीला तो झरझर लिहायचा. मंत्री, पूर, पाटी नेणारा सहकारी, सगळे आले. वाचणारेही मिळाले. फार नव्हते, पण नेमाने यायचे. एक बाई तर प्रत्येक लेखाखाली ‘डोळे पाणावले’ असं लिहायच्या, विनोदी लेखाखालीसुद्धा.

मग उरलेला मजकूरही संपला.

मित्रांनो, विषय न सुचलेला माणूस तुम्ही समोरून पाहिला असेल. मी खालून पाहिला आहे. तो आधी पुढे सरकतो, मग मागे रेलतो, मग एक मांडी उचलतो. शीर्षक टाइप करतो आणि पुसतो. उठून पाणी पितो, तहान नसताना. परत येऊन असा बसतो की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलं आहे.

अशा लोकांसाठी इंटरनेटवर सल्ल्यांची रेलचेल असते. सुचत नसेल तेव्हा काय करावं, हे सांगणाऱ्यांना मात्र कायम सुचत असतं. कात्री ते सल्ले मोठ्याने वाचायचा. पहिला होता, फिरायला जा. तो गेला. बागेत त्याला कचेरीतले दोन जुने सहकारी भेटले. दोघांचेही ब्लॉग होते आणि दोघेही विषय शोधायला फिरत होते. तिघांनी एकमेकांची फार आस्थेने चौकशी केली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दुसरा सल्ला, जुने लेख नव्या नजरेने पाहा. त्याने पुराचा लेख उलटा करून पुन्हा टाकला. डोळे पाणावणाऱ्या बाईंचे डोळे पुन्हा पाणावले, पण एका खवचट वाचकाने दोन्ही लेख शेजारी शेजारी लावून दाखवले. तिसरा, वाचकांनाच विचारा. विचारलं. एकाने पोटाच्या तक्रारींवर लिहा म्हटलं, दुसऱ्याने विश्रांती घ्या म्हटलं. चौथा सल्ला होता, बसण्याची जागा बदला. तो आतल्या खोलीत जाऊन अंथरुणावर बसला. तेव्हा मला अर्धा दिवस सुट्टी मिळाली आणि त्याला झोप.

पाचव्या सल्ल्यात लिहिलं होतं, दूर कुठे शोधता? गोष्ट तुमच्या शेजारीच बसलेली असते.

त्याने डावीकडे पाहिलं. मी वळले. आवाज झाला. आई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, हे आले का?

तो लेख चांगला होता, हे मी मान्य करते. त्याने सगळं जसंच्या तसं लिहिलं. दुकान, किल्ली, गॅसवाला. एकही शब्द फुगवला नाही. त्याच्या बायकोने तो दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचला आणि घरी येऊन त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. ताईचा फोन आला, तिने तो लेख तिच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला होता. अनोळखी माणसांनी आपापल्या आयांबद्दल लिहिलं. कात्री त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर पाठ टेकवून बसला. जमिनीला पाय लावून त्याने मला हलकंसं गोल फिरवलंही. मला वाटलं, आता याचं बरं चालेल.

पण आजारी माणसाची एक अडचण असते. आजार प्रामाणिक असतो, रोज तेच करतो. आईंनी दुसऱ्या दिवशी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. आई दिवसभर कपड्यांच्या घड्या घालायच्या, कात्रीने त्यावर एक लेख लिहिला, वाटाण्यांवर एक लिहिला. वाटाण्यांवरचा लेख जेमतेम चालला. वाचक विचारत, आजी आता काय म्हणतात? आजी तेच म्हणत. कात्री पुन्हा एक मांडी उचलून बसायला लागला.

आणि मग एका वाचकाने लिहिलं. माणूस भला होता, नम्र होता, दोनदा माफी मागून त्याने विचारलं होतं: आजींना कधी खरं सांगून पाहिलंत का? त्या काय म्हणाल्या?

कात्रीने ते वाचलं. शेजारीच उघडलेल्या सल्ल्यांच्या पानावर लिहिलेलं होतं की पुढचा विषय वाचकांच्या प्रतिक्रियांमध्येच दडलेला असतो.

तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी लेख द्यायचा होता आणि लॅपटॉपवर शीर्षकसुद्धा नव्हतं. बायको दुकानात होती. आईंनी मान वर करून विचारलं. माझ्यावरचं कात्रीचं वजन आधी पुढे गेलं, मग डावीकडे. मी वळले, माझा तो आवाज झाला, आणि तो म्हणाला, “आई, बाबा गेले. केव्हाच गेले.”

आईंच्या हातात सोललेली शेंग होती. त्यांनी ती पुन्हा मिटायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, “मला कुणी सांगितलं नाही.”

तू तिथेच होतीस, असं त्याने सांगितलं.

“मी होते?” त्यांनी शेंग मांडीवर ठेवली. “जेवून गेले का?”

तो टेबलाकडे वळला. उजवीकडे वळताना मी आवाज करत नाही, त्यामुळे त्याच्या पाठीमागे काय चाललं होतं ते स्पष्ट ऐकू येत होतं. त्या रडत होत्या, लहान मुलीसारख्या, तोंडावर हात न ठेवता. तो टाइप करत होता. जेवून गेले का, हे त्याने जसंच्या तसं घेतलं. ते वाक्य त्याला फार आवडलं असावं, कारण ते लिहून झाल्यावर तो क्षणभर थांबला.

चहाच्या वेळेपर्यंत आई सगळं विसरल्या होत्या. रडणं विसरल्या नव्हत्या, फक्त ते कशासाठी हे विसरल्या होत्या. ओले झालेले गाल पदराने पुसत त्या इकडेतिकडे पाहत होत्या, काहीतरी सांडलं आहे आणि कुठे ते सापडत नाही अशा.

लेखात कात्रीने लिहिलं की चुकून तोंडून निघून गेलं. बायको म्हणाली, होतं असं, तू तरी किती सांभाळशील. तो लेख त्याचा सगळ्यात गाजलेला लेख ठरला.

मित्रांनो, इथे गोष्ट थांबली असती तर मी तुम्हाला माझ्या चाकांबद्दल वगैरे सांगून निरोप घेतला असता. पण कात्रीच्या लक्षात एक गोष्ट आली होती. आई प्रश्न रोज तोच विचारत. उत्तर तेच मिळालं, की पुढचं बोलणंही तेच व्हायचं. पण ती बातमी सांगितली की त्या दरवेळी वेगळं काहीतरी बोलत. पुढच्या बुधवारी त्या म्हणाल्या, मग दुकान कोण उघडतंय? त्याच्या पुढच्या बुधवारी म्हणाल्या, माझ्यावर रागावून गेले का? एकदा तर उठून दाराजवळ यजमानांच्या चपला शोधायला लागल्या, आणि नसलेल्या चपला सापडेनात म्हणून रडल्या. कोरडं पडलेलं माणूस पाण्याच्या इतक्या जवळ बसलेलं होतं. फक्त डावीकडे वळायचं होतं.

बायकोला कळू नये याची त्याने काळजी घेतली, आणि कापाकापी त्याच्या हाडात मुरलेली होती. प्रत्येक लेखात तो लिहायचा की त्या दिवशी, म्हणजे ते चुकून तोंडून गेलं त्या दिवशी, आई असंही म्हणाली होती. बायको वाचायची आणि तिला वाटायचं, त्या एका दुपारी किती काय घडलं. वाचकांनाही तसंच वाटायचं. एका दुपारी एक म्हातारी बाई इतकं कसं बोलली, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लेख चांगले असले की लोक असले हिशेब करत नाहीत.

आईंचं जेवण मात्र तुटत गेलं. बुधवारी संध्याकाळी त्या घास फिरवत बसायच्या. बायको औषधांतली माणूस, तिला औषधाचाच संशय आला. तिने डॉक्टरांना गाठलं, त्यांनी एक गोळी कमी केली आणि दुसरी वाढवली. कात्री बायकोबरोबर गेला होता, आणि डॉक्टरांनी घरात काही नवीन घडलंय का विचारलं तेव्हा तो म्हणाला, नाही, विशेष काही नाही.

मग आईंनी विचारणंच सोडलं. हे आले का, हा प्रश्न त्या घरातून एके दिवशी गेला, आणि कुणालाच तो गेल्याचं लगेच जाणवलं नाही. कात्रीला जाणवलं असावं, पण तोवर त्याला प्रश्नाची गरज उरली नव्हती. तो आपण होऊन सांगायचा.

आता जे सांगते ते मला डाव्या हाताला बरंच आधीपासून दिसत होतं. आई बातमी विसरत होत्या. कोण गेलं, केव्हा गेलं, सगळं विसरत होत्या. पण मी डावीकडे वळले की त्यांचे हात शालीखाली जायचे. साध्या कारणाने वळले तरी जायचे, पेन खाली पडलं म्हणून वळले तरी. ज्या आवाजाबद्दल घरात सगळे मला हसत, त्या आवाजाला एक माणूस घाबरत होतं. खुर्चीला तोंड नसतं, मित्रांनो. जे होतं ते मानेत होतं, आणि ते वाकलेलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी कात्री भाजी आणायला गेला होता. बायकोने आईंची नखं कापायला घेतली. पलंग उंच, स्टूल ठेंगणं, म्हणून तिने मला ओढलं. ती माझ्यावर बसली, हातात नेलकटर घेतलं आणि आईंकडे वळली. मी आवाज केला.

आईंनी पुढे केलेला हात मागे घेतला, शाल गळ्यापर्यंत ओढली, आणि अगदी समजूतदारपणे, जणू एखाद्या फेरीवाल्याला सांगावं तसं म्हणाल्या, “आज नको सांगू. उद्या सांग.”

काय नको सांगू, असं बायकोने विचारलं.

“ते मला माहीत नाही,” आई म्हणाल्या. “पण नको.”

बायकोने मला थोडं उजवीकडे फिरवलं, मग पुन्हा डावीकडे. आईंनी डोळे मिटून घेतले. बायकोने तसं परत केलं नाही. मग तिने टेबलावरचा लॅपटॉप ओढला आणि सगळे लेख पहिल्यापासून वाचले. यावेळी तिने हिशेब केला.

कात्री पिशवी घेऊन आत आला तेव्हा ती उठली नाही.

“किती वेळा सांगितलंस त्यांना?”

त्याने पिशवी खाली ठेवली. कोथिंबीर चांगली मिळाली नाही, असं काहीतरी म्हणाला. मग म्हणाला, “ती विसरते गं. चहापर्यंत विसरते.”

“खुर्चीचा आवाज नाही विसरल्या.”

यावर तो वाचकांबद्दल बोलायला लागला. किती लोकांना त्या लेखांचा आधार वाटतो, किती जणांनी आपल्या आईला वेळ द्यायला सुरुवात केली, रोज कुणी ना कुणी लिहितं. हे सगळं खरंच होतं. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं आणि पलंगाकडे बोट दाखवलं. “आणि ह्यांना?”

मग तो जे म्हणाला ते त्या वर्षभरातलं त्याचं सगळ्यात खरं वाक्य होतं, असं मला वाटतं. म्हणाला, “मला दुसरं काही सुचतच नव्हतं.”

“मग गप्प बसायचंस,” ती म्हणाली. “ते तर तुला येत होतं.”

ताई पुढच्या आठवड्यात येऊन आईंना आपल्याकडे घेऊन गेली. ती भांडेल म्हणून कात्रीने तयारी केली होती, पण ती भांडली नाही. आईंचे कपडे घड्या घालून पेटीत ठेवताना एवढंच म्हणाली की ते लेख तिने मैत्रिणींना पाठवले होते, आणि सगळ्या म्हणाल्या होत्या, काय नशीबवान आई आहे. गाडीत बसताना आईंनी त्याच्या गालाला हात लावला. त्यांना तो कोण आहे ते नीट आठवत नव्हतं, पण चेहरा उतरलेला दिसला असावा.

त्या गुरुवारी लेख आला नाही. वाचकांनी विचारलं, आजी कशा आहेत? एकाने लिहिलं, थांबू नका, हाच तुमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विषय आहे. कात्रीने ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. मग त्याने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली शोधून काढली आणि माझ्या मानेत तेल सोडलं. डावीकडे वळवून पाहिलं. अगदी शांत. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिने मला ढकलत गॅलरीत नेऊन ठेवलं आणि माझ्यावर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली ठेवली.

ताईचे फोन यायचे. आई जेवतात, झोपतात. पण हे आले का, असं तिथेही कधी विचारत नाहीत. ताईने एकदा आपण होऊन सांगून पाहिलं, बाबा दुकानात गेलेत हं, येतीलच. आईंनी तिच्याकडे पाहिलं आणि हो का, म्हणाल्या. ताईचं मन राखायला म्हणाल्या असाव्यात. एक माणूस कुणाची तरी वाट पाहत सुखाने बसलं होतं, त्याची ती वाट काढून घेतली, आणि जे काढून घेतलं ते परत ठेवता येत नाही. हे मी गॅलरीत बसून ऐकलं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश असतो आणि खुर्चीचा उपदेश बसल्या बसल्या ऐकता येतो, तेव्हा कंटाळू नका. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्यावर उभं राहून माळ्यावरचं काढू नका, तिच्या चाकांत अडकलेले केस अधूनमधून काढा. हे झालं माझ्यापुरतं. दुसरं असं, की तुम्हीही मोठेपणी काहीतरी लिहाल, निदान फोनवर तरी लिहाल, आणि एक दिवस तुम्हाला काही सुचणार नाही. तेव्हा नाही सुचलं तर नाही. जग तुमचा एक रिकामा गुरुवार सोसेल. शेजारी बसलेल्या माणसाकडे वळावंसं वाटलं तर जरूर वळा, पण आधी स्वतःला विचारा की हातात काय घेऊन वळतो आहे. रिकाम्या हाताने वळता येत असेल तरच वळा.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. कात्री गॅलरीत आला. घरात फोनला आवाज नीट येत नाही, गॅलरीत येतो. त्याने चिमट्यांची टोपली खाली ठेवली आणि माझ्यावर बसला. पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. ताईला फोन लावून म्हणाला, आईला देतेस का? ताईने दिला. आईंना वाटतं की लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

कोण, असं त्यांनी विचारलं. मी, असं तो म्हणाला. नाव सांगितलं. त्या हं म्हणाल्या. मग त्यांचा आवाज घाबरा झाला.

“काही सांगायचंय का?”

कात्रीचे दोन्ही हात मांडीवर होते. फोन खांद्याने धरला होता.

“नाही आई,” तो म्हणाला. “सांगण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे.”



“मग बोल,” आई म्हणाल्या.

तो बोलला. काय बोलला ते मी सांगत नाही. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.